आंदणातला निळा ड्रम

आमच्या कंपनीत दिवाळीला मिठाईचा पुडा मिळायचा, पण त्याचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं. बायांचे डोळे लागलेले असायचे ते गोदामाच्या मागच्या भिंतीला उलट्या करून ठेवलेल्या निळ्या ड्रमांवर. जालन्यात नळ कधी येईल ते नळालाच माहीत, त्यामुळे ज्या घरात दोन मोठे ड्रम ते घर सुखी, इतका साधा हिशोब आहे. सोयरीक जुळवायला आलेली माणसं मुलाचा पगार विचारायच्या आधी हात धुवायच्या निमित्ताने मोरीकडे जाऊन येतात आणि ड्रम मोजून येतात, हे मी स्वतः पाहिलंय. मीही मोजलेत.

ही बियाण्यांची कंपनी. कपाशी, मका, मिरचीचं बी शेतांवरून येतं, आमच्याकडे ते चाळायचं, निवडायचं, त्याला औषधाचा गुलाबी लेप द्यायचा आणि पाकिटात भरायचं. लेपाचं औषध ज्यातून येतं तेच हे निळे ड्रम. मी आधी प्रयोगशाळेत उगवण तपासायचे, पुढे प्लांटची सुपरवायझर झाले. अंबडच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळवलेली बाई आहे मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी बाजू घ्यायची कुणाला तसदी नको.

कारण ड्रम वाटायची रीत मीच बसवली होती. पूर्वी रिकामे ड्रम भंगारवाला घेऊन जायचा आणि बाया मागून मागून थकायच्या. मी मोठ्या शेठजींकडे जाऊन भांडले, की भंगारवाला काय तुमचा जावई आहे का, आमच्या बायांना द्या. शेठजी हसले आणि म्हणाले, द्या, पण आपल्या गेटातून बाहेर जाणारी वस्तू साफसूफ दिसली पाहिजे. मग मी नियम घालून दिले. ड्रम दिवसभर पाण्यात भिजवायचा, लेबल पात्याने खरवडून काढायचं, आतून सोडा आणि राख लावून तीन पाण्यांनी धुवायचा, दोन उन्हं द्यायची. शेवटी मावशी ड्रममध्ये डोकं घालून वास घ्यायच्या. त्यांनी मान डोलावली की ड्रम पास झाला.

या मावशी म्हणजे बी निवडायच्या सरकत्या पट्ट्यावरच्या सगळ्यात जुन्या बाई. माझ्याही आधीपासून कंपनीत होत्या. त्यांच्या नाकावर सगळ्यांचा विश्वास होता, माझाही होता. वास गेला म्हणजे औषध गेलं, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही, ते घरोघरी पाठच असतं. फवारणीचा डबासुद्धा याच न्यायाने धुऊन घरात घेतात. मावशींनी लेकीला परतूरला दिलं तेव्हा आंदणात कपाट होतं, भांडी होती, आणि सगळ्यांच्या पुढे, कुंकवाचं स्वस्तिक काढलेला कंपनीचा निळा ड्रम होता. विहीणबाईंनी त्याला बोटाने टकटक करून पाहिलं आणि खूश झाल्या. त्या मांडवात मीही मिरवून घेतलं.

असं अकरा वर्षं चाललं. मग कंपनीत बदल आला.

बाहेरच्या देशातल्या एका मोठ्या खरेदीदाराने विचारलं होतं, की तुमची कंपनी पाणी, माती, माणसं यांना किती जपते ते लिहून द्या. मोठे शेठजी म्हणाले, चार पिढ्या इथे धंदा करून राह्यलो, आता लिहून काय द्यायचं. पण धाकटे शेठ पुण्यात शिकून आलेले, त्यांना पटलं. त्यांनी पुण्याहून सल्लागार आणले. सडपातळ, नम्र गृहस्थ होते, चहा बिनसाखरेचा घ्यायचे. त्यांनी मीटिंग हॉलच्या भिंतीवर मोठा फळा लावला आणि आम्हा सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या त्यावर चिकटवल्या. बदलाच्या बाजूचे हिरव्या रकान्यात, काठावरचे पिवळ्यात, विरोध करणारे लाल रकान्यात. संस्थेत बदल घडवायचा तर आधी माणसं ओळखावी लागतात, असं ते म्हणाले.

मी हिरव्यात सगळ्यात वर होते. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. आणि कामंही काही वाईट नव्हती. निवडणीच्या शेडमधली धूळ ओढणारं यंत्र मी पाच वर्षं मागत होते, ते चार महिन्यांत आलं. छतावर सोलर पॅनल बसले. लेपाच्या खोलीतल्या बायांना चांगले हातमोजे आणि मास्क मिळाले. मास्क घालून बोलता येत नाही म्हणून बाया वैतागल्या, तेव्हा मी त्यांच्याशी हुज्जत घालून ते घालायला लावले. मला परिवर्तन समन्वयक असं लांबलचक पद मिळालं. घरी सगळे त्या पदावरून मला चिडवायचे आणि मला मनातून गुदगुल्या व्हायच्या.

अहवाल तयार व्हायला लागला. त्यात एक अख्खं पान ड्रमांचं होतं. वर ठळक अक्षरांत, ‘एकही ड्रम वाया नाही’, आणि खाली माझा फोटो. दिवाळीचा. मी मावशींच्या हातात ड्रम देतेय आणि दोघी हसतोय. सल्लागारांना ते पान फार लाडकं होतं. कचरा शून्य, माणसं खूश. शेवटच्या पानावर परिवर्तन समन्वयकाची सही हवी होती, म्हणजे माझी.

त्यांना आणखी एक फोटो पाहिजे होता. न धुतलेला ड्रम आणि धुतलेला ड्रम शेजारी शेजारी. मी गोदामात गेले, नुकत्याच रिकाम्या झालेल्या ड्रमचा मोबाइलवर फोटो काढला आणि अक्षरं नीट आलीत का ते बघायला दोन बोटांनी मोठा केला. माझा चष्मा टेबलावर राहिला होता, म्हणून मोठा केला, एवढंच. तांबडा त्रिकोण होता, कवटी होती. ती तर रोजच दिसायची. तिच्याखाली मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत इंग्रजीत, हिंदीत आणि मराठीतही लिहिलं होतं, की रिकामा डबा पुन्हा कोणत्याही कामासाठी वापरू नये, भोकं पाडून नष्ट करावा.

मी तिथेच एका पोत्यावर बसले. हे वाक्य अकरा वर्षं दर दिवाळीला गेटातून बाहेर गेलं असतं, घराघरांत पोचलं असतं. मावशींच्या लेकीच्या सासरी कुणीतरी शिकलेल्या पोराने ते वाचून दाखवलं असतं. पण नाही, कारण मी ते भिजवून, पात्याने खरवडून काढायला लावत होते. लेबलाचा एक कण राहिला तरी ड्रम परत पाठवायचे मी. मला आधी लाज वाटली, मग राग आला. लाजेने माणूस घरी बसतो म्हणून मी राग धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सांगितलं, की हे पान काढा आणि वाटलेले सगळे ड्रम परत मागवा. सल्लागारांनी मान हलवत ऐकून घेतलं. म्हणाले, मॅडम, बदलाच्या काळात अशी भीती वाटणं अगदी स्वाभाविक आहे. मी म्हटलं, मला भीती वाटत नाहीये, मला राग आलाय. त्यांनी उठून माझी चिठ्ठी हिरव्यातून काढली आणि पिवळ्यात लावली. रागाने नाही लावली. डॉक्टर केसपेपरवर लिहितो तशी लावली.

धाकटे शेठ वाईट माणूस नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. पण ते म्हणाले, यंदापासून वाटणं बंद करू, गुपचूप, विषय संपला. जुने परत मागवले तर आपणच गुन्हा लिहून दिल्यासारखं होईल. आणि मॅडम, इतक्या वर्षांत कुणाला काही झालंय का? या प्रश्नावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुणाला काय झालं आणि ते कशाने झालं, हे बघायला आम्ही कधी गेलोच नव्हतो. मी एवढंच म्हटलं, की कुणाला काही होईपर्यंत वाट बघायची असेल तर शेवटच्या पानावर दुसऱ्या कुणाची सही घ्या.

मीटिंगमधून निघाले ती थेट मावशींकडे गेले. मला वाटलं होतं, निदान त्या तरी माझ्या बाजूने उभ्या राहतील. मला स्वतःबद्दल फार मोठा गैरसमज होता. मावशींनी पट्ट्यावरचा हात न थांबवता सगळं ऐकलं.

“बाई, ड्रम तुमीच दिल्ता,” त्या म्हणाल्या. “तुमीच म्हन्लात, तीन पाण्यानं धुतला की बिलकुल साफ. आता तुमीच म्हणून राह्यल्या का ते जहर हाय. मी कोन्तं खरं मानू?”

मी म्हटलं, आत्ताचं माना, आधीचं माझं चुकलं. लेकीकडचा ड्रम परत आणा, तिला सातवा लागलाय.

“आंदण दिल्यालं परत मागू? तिची सासू काय म्हनंल? जालन्याची माय भिकंला लागली म्हनंल. माझ्या लेकीला जन्मभर ऐकावं लागंल ते. न्हाई जमायचं.”

मी पट्ट्याजवळ उभी राहिले तेव्हा मला कळलं की सल्लागारांचा फळा आणि आमचं सगळं शहाणपण एका बाजूला, आणि खरी अडचण ही एवढी आहे. परतूरमध्ये एक पोटुशी पोर रोज त्या ड्रममधलं पाणी पीत होती आणि तिच्या आईला तो ड्रम परत आणता येत नव्हता, कारण आई लेकीच्या घरातून वस्तू उचलून आणत नसते.

माझ्या घरीही एक ड्रम होता. वापरायच्या पाण्याचा, असं आम्ही म्हणायचो, पण कणीक त्यातल्याच पाण्याने मळायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो रिकामा केला, लोडिंग रिक्षात घातला आणि कंपनीच्या गेटावर नेऊन उतरवला. फिटरकडून ड्रिल मशीन मागून घेतलं, गेटवाल्याच्या खोलीतून वायर ओढली. पहिली पाळी आत शिरत होती. मी ड्रमला भोकं पाडायला सुरुवात केली. मला ड्रिल नीट धरता येत नव्हतं, ते घसरत होतं आणि ओरडत होतं. बाया थबकल्या. एक म्हणाली, बाईंचं डोकं फिरलं. मी म्हटलं, फिरलंच आहे, आणि तुमच्या घरचे ड्रम आणा, त्यांनाही भोकं पाडते. कुणी काही आणलं नाही. मावशी माझ्याकडे न बघता आत निघून गेल्या.

मोठे शेठजी आता रोज एखाद-दोन तासच येतात. त्यांनी मला बोलावलं. केबिनमध्ये धाकटे शेठ आणि सल्लागार आधीच बसले होते. शेठजींनी विचारलं, बाई, तुमी गेटावर तमाशा करून राह्यल्या म्हणे. मी हो म्हटलं. तुम्हाला काय पाहिजे ते सांगा, म्हणाले. मी सांगितलं, प्रत्येक जुन्या ड्रमच्या बदल्यात पिण्याच्या पाण्याचा नवा ड्रम, आणि अहवालातून ते पान काढायचं. धाकटे शेठ म्हणाले, पप्पा, बदली दिला तरी लोक विचारतीलच का दिला म्हणून. मी म्हटलं, विचारू द्या, सांगायला मी जाते. मग मी मावशींच्या लेकीची गोष्ट सांगितली. आंदणाची, विहीणबाईंची, सातव्या महिन्याची.

टेबलावरचा पाण्याचा ग्लास शेठजींनी जरा बाजूला सरकवला.

“आमच्यात जुनी माणसं लेकीच्या गावचं पाणी पीत न्हवती,” ते म्हणाले. “माझा बाप लेकीकडं गेल्ता का, सोबत तांब्या भरून नेत होता. आन् आपण लेकीलाच हे पाणी पाजून राह्यलो?”

मग मुलाकडे वळून म्हणाले, लेकीला दिलेलं परत आणायचं असलं तर त्याच्याहून मोठं देऊन आणायचं असतं. नवे ड्रम जल्दी मागव, आणि ते पान काढून टाक. सल्लागारांनी हळूच सुचवलं, की यासाठी एक टप्प्याटप्प्याची योजना करता येईल. शेठजी म्हणाले, करा बराबर योजना, तोवर टेम्पो परतूरला जाऊन येईल. संध्याकाळी मी हॉलमध्ये डोकावले तर माझी चिठ्ठी लाल रकान्यात होती. मी ती तिथेच राहू दिली. मला तिथे बरं वाटत होतं.

नवे ड्रम पांढरे होते, जुन्यापेक्षा वीतभर उंच. मावशींनी त्यातला एक दहा वेळा आतून-बाहेरून पाहिला. त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, खण-नारळ ठेवला आणि टेम्पोत माझ्या शेजारी येऊन बसल्या. वाटेत मी त्यांना सांगितलं, की विहीणबाईंना खरं सांगितलंच पाहिजे असं नाही. कंपनीने मोठा ड्रम दिला, जुना परत मागितला, एवढं सांगितलं तरी काम होईल. मावशी खिडकीबाहेर कपाशी बघत राहिल्या. मी हे का सुचवलं ते मलाच नीट सांगता येत नाही. गेटावर ड्रिल घेऊन उभी राहणारी बाई टेम्पोत बसल्यावर लगेच तडजोडीला आली होती.

परतूरला विहीणबाई अंगणातच होत्या. पांढरा ड्रम उतरताना त्यांनी पाहिला, आणि मग संशयाने विचारलं, का बरं, आमच्या ड्रमला काय झालं? लेक दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, एक हात कमरेवर.

मावशींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. “त्यात पहिले जहराचं औषध होतं,” त्या म्हणाल्या. “मला म्हाईत न्हवतं. मीच वास घेऊन पास केल्ता. ह्या बाईंनी वाचलं मंग कळलं. लेकरू व्हायच्या आधी कळलं म्हणून पळत आले. तुमी काय म्हणायचं ते मला म्हणा, तिला काही बोलू नका.”

विहीणबाईंनीच पुढे होऊन निळ्या ड्रमची कड धरली आणि आम्ही तिघींनी तो लवंडला. पाणी अंगणभर झालं. मावशींनी टेम्पोतून पहार आणली आणि त्या ड्रममध्ये मारली. ड्रिल माझ्याकडे होतं, पण त्यांनी मागितलं नाही. पहिल्या घावात पहार उसळली, दुसऱ्यात आत गेली. त्या मारत राहिल्या. तेव्हा लेकीने विचारलं, “मंग आई, इतके दिवस मी प्याले ते?”

मावशी थांबल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्या पोरीला सांगितलं, की त्याने काय होईल ते मला माहीत नाही, पण ड्रम मी दिला होता, चूक माझी आहे, आणि उद्या डॉक्टरांकडे माझ्यासोबत चल, ड्रमचं आधी सांगायचं आणि मग जे तपासायचं ते तपासून घ्यायचं. ती आली. पुढे लेकरू झालं, ते धडधाकट आहे. पण म्हणून तो ड्रम चांगला होता असं कुणी म्हणायचं नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही.

मावशींनी लेकीच्या अंगणात पहार मारली ही बातमी टेम्पोच्या आधी जालन्यात पोचली होती. त्यानंतर बाया ड्रम आणायला लागल्या. कुणी कुरकुरत, कुणी मला शिव्या घालत. सगळे आले नाहीत. काही विकले गेले होते, काही पाहुण्यांकडे गेले होते. तीर्थपुरीच्या रस्त्यावर एका घराबाहेर अजून एक निळा ड्रम उभा आहे. माझ्या माहेरची वाट तिथूनच जाते. मी दिसले की त्या घराचं दार लोटलं जातं. मी प्रत्येक वेळी थांबते, कडी वाजवते आणि ड्रमचं सांगते. पांढरा ड्रम दारात ठेवूनही आलेय. त्यांनी तो ज्वारी भरायला घेतला आणि पाणी निळ्यातच ठेवलं. मी पुढच्या खेपेलाही थांबणार आहे.

यंदा अहवालाची दुसरी आवृत्ती निघाली. सल्लागार परत आले, तसेच नम्र, चहा तसाच बिनसाखरेचा. फळ्यावर माझी चिठ्ठी पुन्हा हिरव्यात सगळ्यात वर होती. त्यांना माझ्यावर एक पान करायचं होतं. कर्मचाऱ्याने घडवलेला बदल, असं काहीतरी नाव होतं, आणि फोडलेल्या ड्रमांच्या ढिगाशेजारी माझा हसरा फोटो हवा होता. हे उदाहरण ते इतर कंपन्यांमध्येही सांगतात, असं त्यांनी मला कौतुकाने सांगितलं.

मी म्हटलं, छापा की. फक्त आधी छापा, की या कंपनीने अकरा वर्षं विषाचे ड्रम पाण्यासाठी वाटले, आणि त्यांच्यावरची सूचना खरवडून वाटले. त्याखाली माझा दिवाळीचा फोटो घाला, तुमच्याकडे आहे तो. मग पुढच्या पानावर ढिगाचा घाला. ते म्हणाले, मॅडम, अहवाल सकारात्मक असावा लागतो. मी म्हटलं, मग मी त्यात मावणार नाही.

अहवाल छापून आला. माझ्या पानावर आता कडुनिंबाचं रोप आहे, त्याच्याभोवती ओली माती धरलेले दोन हात आहेत, कुणाचे ते माहीत नाही. शेवटच्या पानावर दुसऱ्या कुणाची तरी सही आहे. अकरा वर्षांचं पान त्यांनी छापलं नाही, म्हणून ते मी इथे लिहून काढलं. यावर सही करायला माझी काही हरकत नाही.